वजनाचा खर्च कुठल्या खात्यात पडतो?

मुंबईत फोर्टमधल्या एका सीएच्या ऑफिसात मी वीस वर्षं हिशेब लिहिते आहे. दुसऱ्यांच्या खर्चाची खतावणी करण्यात आयुष्य गेलं, पण स्वतःच्या वाढलेल्या वजनाचा खर्च मला कधी दिसला नाही. दिसणार कसा? त्याचं एकच एक बिल येत नाही. थोडा हॉटेलात जातो, थोडा रिक्षात, थोडा केमिस्टकडे, थोडा शिंप्याकडे. महिनाअखेरीला आपण सगळ्याला मिळून ‘किरकोळ’ म्हणतो आणि वही मिटतो.

त्याला पहिल्यांदा नाव दिलं ते एका विमा कंपनीने. दोन वर्षांपूर्वी आम्ही फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य विमा, घेत होतो. माझी उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. दोन दिवसांनी कोटेशन आलं: मूळ हप्ता २८,००० आणि त्याखाली माझ्यामुळे लागलेलं लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, ५,६०० रुपये. मिस्टरांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्याच आठवड्यात भांडुपच्या आमच्या शिंप्याने ब्लाउज उलटा करून शिवण दाखवली, “ताई, मार्जिन संपलं आता. तीनदा उसवून झालं.”

त्यानंतर चौदा महिन्यांत जे केलं, ते इथे क्रमाने लिहिते. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. वजन वाढणं म्हणजे आळस नव्हे. थायरॉइड, पीसीओएस, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या, स्टेरॉइड, घराण्याची ठेवण, रात्रपाळी, सगळ्यांचा त्यात हात असतो. त्यामुळे हा हिशेब स्वतःला बोल लावण्यासाठी मांडू नका.

आधी टेप, मग वही

सुरुवात तीस रुपयांच्या शिंप्याच्या टेपने करा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका आणि मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. त्याहून सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. माझी ९८ भरली, हवी होती साडेअठ्ठ्याहत्तरच्या आत.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढायचा तर किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. जागतिक आकडे २५ आणि ३० आहेत. आपले कमी का, तर आपल्या लोकांत चरबी पोटाच्या आत, अवयवांभोवती जास्त साठते आणि साखर-रक्तदाब कमी वजनालाच गाठतात. म्हणून हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशा माणसाने ‘मी कुठे जाड आहे’ म्हणून सुटायचं नाही.

मग तपासण्या: उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), यकृत, टीएसएच (थायरॉइड) आणि रक्तदाब. पॅकेजच्या जाहिरातींना भुलू नका, सत्तर-ऐंशी तपासण्यांची यादी बहुतेकांना लागत नाही. पैशांची ओढाताण असेल तर महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’त जा. २०२२ पासून हे दवाखाने सुरू आहेत, तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. आमच्या कामवाल्या मावशींचा रक्तदाब तिथेच सापडला. पालिकेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत साधारण दर तिसऱ्या मुंबईकराला तो निघाला होता, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

तीन महिन्यांचं स्टेटमेंट आणि दोन पेनं

हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळा लेख याच्यावरच उभा आहे. बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट छापून घ्या. मोबाइलवर बघू नका, डोळा घसरतो. यूपीआयच्या प्रत्येक ओळीपुढे कशाचा खर्च ते लिहा. वीस-तीस रुपयांच्या ओळीच जास्त बोलतात.

आमच्या घरी आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई. महिन्याची सरासरी अशी निघाली: ऑर्डर करून खाणं ४,८५०, ऑफिसात चार वाजताचं खाणं १,४००, जवळच्या अंतराच्या रिक्षा १,६५०, फरसाण-आइस्क्रीम-थंड पेयं १,९००, ॲसिडिटीच्या गोळ्या, गुडघ्याचं मलम आणि बीपीची गोळी मिळून १,१००. एकूण १०,९००.

इथे बहुतेक लोक चूक करतात. हा सगळा आकडा ‘लठ्ठपणाचा खर्च’ म्हणून धरतात, बाराने गुणतात आणि घाबरतात किंवा घाबरवतात. हा हिशेब खोटा आहे. सासूबाईंच्या वाढदिवसाला मागवलेली बिर्याणी हा जगण्याचा खर्च आहे. पावसात गुडघाभर पाण्यातून केलेली रिक्षासुद्धा. म्हणून दोन पेनं घ्या. जो खर्च आनंदाने केला आणि पुन्हा करू, तो निळा. जो थकव्याने, सवयीने किंवा शरीर साथ देत नाही म्हणून झाला, तो लाल. रात्री नऊला घरी पोहोचून ‘आता कोण करतंय’ म्हणून मागवलेलं लाल. स्टेशनपासून घर बारा मिनिटांवर असूनही केलेली रिक्षा लाल.

माझा लाल आकडा महिन्याला ६,३०० आला, वर्षाचे ७५,६००. त्यात लोडिंगचे ५,६०० मिळवले की ८१,२००. तुमचा आकडा वेगळा असेल. माझ्या मैत्रिणीचा दीड हजारसुद्धा आला नाही, कारण ती डबा नेते आणि चालते. तिचं वजन थायरॉइडचं आहे. तिने पैसे जेवणात शोधण्याऐवजी डॉक्टरकडे लावले, ते बरोबरच केलं.

पुढे येणारी बिलं

लाल आकडा आजचा झाला. उद्याच्यासाठी घरातल्याच कोणाची तरी वही मागून घ्या. मी मोठ्या दिरांची घेतली. त्यांना अकरा वर्षं मधुमेह आहे. गोळ्या १,२५०, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या ४५०, तपासण्यांची महिन्याची सरासरी ४००, डॉक्टरांची फी सरासरी २५०. महिन्याला २,३५०, वर्षाला २८,२००. हे सगळं नीट चाललेलं असतानाचं. डोळ्यांचं लेझर, पायाची जखम, मूत्रपिंड यातलं काही आलं की ही वही पुरत नाही. शिवाय सुट्ट्या: गेल्या वर्षी त्यांच्या अकरा रजा निव्वळ रिपोर्ट आणि डॉक्टर यात गेल्या.

गोळ्यांच्या बाबतीत एक काम लगेच करा. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची किंमत विचारा. दिरांच्या गोळ्यांचा खर्च त्याने निम्म्याच्या खाली आला. अकरा वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

गुडघ्याचं गणित तर सरळ आहे. एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. सात किलो म्हणजे अठ्ठावीस. भांडुप स्टेशनचा पूल चढणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि सगळ्यात धीर देणारा आकडा आपल्या देशातला आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर भारतात मोठा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. रोज चालणं आणि खाण्यातले बदल नेटाने केलेल्या गटात ३९ जणांना. गंमत म्हणजे त्या गटाचं वजन फारसं उतरलंही नव्हतं. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे फ्रिजवर चिकटवून ठेवावं.

विमा: खोटं वजन लिहू नका

एजंट म्हणतो, “मॅडम, पाच किलो कमी टाकूया, कोण बघतंय.” बघतात. क्लेमच्या वेळी हॉस्पिटलच्या केसपेपरवर भरती झाल्याचं वजन असतं आणि तुमच्या फॉर्मवरचं वजनही त्यांच्याकडे असतं. लोडिंग द्यावं लागलं तरी चालेल, पण खरं लिहा.

२०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला ‘तुम्ही हे सांगितलं नव्हतं’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. म्हणजे घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवर विसंबू नका, नोकरी गेली की ती गेली, आणि नेमकी पन्नाशीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे, तेवढा भार हलका झाला. जुन्या करप्रणालीत असाल तर आरोग्य विम्याच्या वजावटीत (१९६१ च्या आयकर कायद्यातलं ८०डी कलम) हप्ता आणि त्यातच पाच हजारांपर्यंत तपासण्या दाखवता येतात. नव्या प्रणालीत ही वजावट नाही.

लोडिंग एकदा लागलं की आपोआप उतरत नाही. वजन उतरलं तर नूतनीकरणाच्या दोन महिने आधी लेखी विचारावं लागतं. विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

स्वयंपाकघर: डब्यावर तारीख

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कामाची युक्ती हीच, आणि तिला एक मार्कर लागतो. तेलाचा डबा फोडला की त्यावर तारीख लिहायची. संपला की दिवस मोजायचे. आमचा पाच लिटरचा डबा २७ दिवसांत संपला. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. चार माणसं, २७ दिवस: माणशी रोज ४२ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत साधारण २७ ग्रॅम पुरे म्हटलं आहे.

सासूबाईंना मी काही बोलले नाही. नुसती कढईशेजारची तेलाची बरणी काढली आणि तिथे चमच्याने काढायचं स्टीलचं भांडं ठेवलं. ओतायला गेलं की धार येते, चमच्याने काढलं की हात मोजतो. पुढचा डबा ३६ दिवस गेला, आता ४४ दिवस जातो. माणशी २६ ग्रॅम झाले, आणि महिन्याला दोन लिटरहून जास्त तेल वाचलं. भाजीला चव नाही अशी तक्रार पहिले दहा दिवस होती. मग कांदा जास्त परतायला आणि शेवटी लिंबू पिळायला लागलो, आणि ती थांबली.

साखरेचा हिशेब चहात आहे. त्याच संस्थेची शिफारस दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहण्याची. टपरीच्या कटिंगमध्ये दोन चमचे साखर सहज असते, म्हणजे आठ-दहा ग्रॅम. ऑफिसात चार कटिंग घेतल्या की बिस्किटाला हात लावण्याआधीच मर्यादा ओलांडली. मी चहा सोडला नाही, सोडणारही नाही. दोन कटिंग ठेवल्या आणि चहावाल्याला ‘साखर कमी’ सांगितलं. तो तीन आठवडे विसरला, मग लक्षात ठेवलं.

महागडं ‘हेल्दी’ सामान आणू नका. किन्वा, ॲव्होकॅडो, ओट्सचे डबे यांची आपल्याला काही गरज नाही. प्रथिनं हवीत तर मोड आलेली मटकी, मूग, चवळी, अंडी, ताक, दही, आणि खात असाल तर बांगडा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, सात-आठ रुपयांत. फळांत पेरू, पपई, केळी. भाकरी चांगली, पण तीन भाकऱ्या आणि वर तूप म्हणजे पथ्य झालं असं नव्हे. आणि उपवास! साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू. आमच्याकडे एकादशीला रोजच्यापेक्षा जास्त उष्मांक पोटात जायचे, हे मी एकदा लिहून काढलं तेव्हा सासूबाईच हसल्या. आता वरीचा भात आणि ताक असतं.

रात्री नऊच्या ‘आता कोण करतंय’वर इलाज एकच: रविवारी दोन कडधान्यं भिजवून मोड आणून डब्यात ठेवणं. कुकरला दोन शिट्ट्या आणि उसळ तयार. याने ऑर्डरीचा लाल आकडा निम्म्याने उतरला, बाकी कुठल्याच निर्धाराने उतरला नव्हता.

चालण्यासाठी वेळ शोधू नका, तो प्रवासातून काढा

भांडुप ते सीएसएमटी आणि परत, रोजचे अडीच तास. त्यावर सकाळचा ‘मॉर्निंग वॉक’ सांगणाऱ्या माणसाला धीम्या लोकलच्या गर्दीत एकदा उभं करावं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं भरभर हालचाल सांगते, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. मी ती मिनिटं अशी जमवली: सीएसएमटीहून शेअर टॅक्सी बंद, ऑफिसपर्यंत चौदा मिनिटं पायी. संध्याकाळी भांडुपला उतरल्यावर बारा मिनिटं पायी. दिवसाची २६, पाच दिवसांची १३०. रविवारची वीस मिनिटं मिळवली की १५०. फिरत फिरत चाललात तर मोजू नका. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग हवा. चप्पल बॅगेत, पायात बूट. पहिल्या आठवड्यात लाज वाटते, नंतर बघणाऱ्याला सवय होते.

जून ते सप्टेंबर हा सगळा बेत कोसळतो, हे आधीच धरून चाला. त्या चार महिन्यांसाठी इमारतीचा जिना. चार मजले, तीन खेपा, पण गुडघा दुखत असेल तर उतरताना लिफ्ट घ्या. हिवाळ्यात सकाळी धुरकं असलं तर संध्याकाळी चाला. दादरकरांना शिवाजी पार्कचा कट्टा आहे, एक फेरी जवळजवळ बाराशे मीटर. बोरिवलीकरांना राष्ट्रीय उद्यान, माटुंग्याला फाइव्ह गार्डन्स. ही श्रीमंती सगळ्या शहरांना नसते.

स्नायूंच्या व्यायामासाठी मी आधी चूक केली. एका जिमचं वर्षाचं पॅकेज १४,००० ला घेतलं आणि १९ दिवस गेले. दर खेपेला ७३७ रुपये पडले. म्हणून सांगते, महिन्याची फी महाग पडली तरी आधी तीन महिने महिन्याचंच भरा. मुंबईत जुन्या व्यायामशाळा आहेत, त्यांची फी जिमच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून उभं आहे. मला शेवटी जमला तो आमच्याच सोसायटीत आठवड्यातून दोनदा चालणारा बायकांचा वर्ग, महिना १,२००.

कुठे खर्च करायचा

पहिल्या वर्षी माझे गेले ते असे: बूट ३,२००, किचनचा काटा ४५०, रक्तदाबाचं यंत्र १,९००, आहारतज्ज्ञांकडे दोन खेपा ३,०००, वर्ग महिना १,२००, फळं-कडधान्यांवर जादा महिना ९००. वर्षाचे ३३,७५०. लाल खर्च महिन्याला ३,९०० ने उतरला, वर्षाला ४६,८००. निव्वळ शिल्लक १३,०५०, आणि यात तेलाची बचत धरलेली नाही, जिममध्ये बुडालेले १४,००० ही नाहीत. लाखांच्या गोष्टी सांगणाऱ्यांपुढे हा आकडा केविलवाणा दिसेल. पण तो माझ्या पासबुकातला आहे.

चरबी वितळवणारे चहा, पट्टे, पावडरी यांच्यावर शून्य रुपये.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल सगळे विचारतात. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, तेव्हा सर्वांत कमी मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४,०००. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाचं इथलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे त्या औषधाच्या किमतींचं चित्र बदलत चाललं आहे. औषधं खरोखर काम करतात. ज्यांना गरज आहे त्यांनी न लाजता घ्यावीत, मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ओळखीच्या केमिस्टकडून परस्पर नव्हे. पण हिशेब करताना तीन महिन्यांचा करू नका. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत येतं, असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणून पाच वर्षांची किंमत काढा आणि मग ठरवा.

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर करतात त्या शस्त्रक्रियेला विमा मिळतो, पण अटींवर: बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार, आणि बाकी उपाय करूनही गुण न आलेला. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) लेखी मंजुरी घ्या.

दर तीन महिन्यांनी

एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. ऑफिसात तिमाही विवरणं भरतो त्याच आठवड्यात मी घरची वही काढते: कंबर, वजन, लाल आकडा आणि तेलाच्या डब्याचे दिवस. या चार आकड्यांपैकी दोन सुधारले तरी ती तिमाही चांगली. एकाच वेळी चारही कधीच सुधारत नाहीत. गणपती ते दिवाळी सगळंच घसरतं, त्या तिमाहीत मी फक्त तेलाचे दिवस बघते.

चौदा महिन्यांत ७८ चे ७१ झाले, कंबर ९८ ची ८९. बीएमआय अजून २८.८, म्हणजे कागदावर मी लठ्ठच आहे. बीपीची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. शिंप्याने नवीन ब्लाउजला दोन्हीकडे मार्जिन ठेवलं आणि म्हणाला, “ताई, राहू दे.” मी राहू दिलं.

नूतनीकरण जवळ आलं म्हणून लोडिंग कमी करण्याचा अर्ज टाकला आहे, दोन रिपोर्ट जोडून. उत्तर आलं की मेडिकल पुन्हा करावं लागेल. शनिवारी सकाळी साडेसातला बोलावलं आहे, उपाशीपोटी.